शुद्ध प्रत

बाईंच्या हिरव्या शाईचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. परकी भाषा शिकवणारा असो की शिकणारा, त्याच्या पत्रातली चूक बाईंच्या नजरेतून सुटली असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाचं निमंत्रण हौसेनं त्या परक्या भाषेत छापलं, तर ते सात दुरुस्त्यांसह साभार परत गेलं. प्राध्यापकांनी बोलणं टाकलं. बाईंना वाटलं, त्यांना पाचवी दुरुस्ती पटली नसावी.

बाईंचं एक वार्तापत्र होतं. दर महिन्याला सोळा पानं, परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी. परीक्षा कधी, शिष्यवृत्तीचे अर्ज कुठे, नवा कोश घेण्याजोगा आहे की नुसताच जाडजूड, कुठल्या वाचनालयात ऐकण्याच्या पाठांची सोय झाली, अशी सगळी खबरबात त्यात असायची. मजकूर जमवायच्या बाई, मुद्रितं तपासायच्या बाई, पाकिटांवर पत्ते घालायच्याही बाईच. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर समोरच्या खोलीतलं जेवणाचं टेबलसुद्धा वार्तापत्रानं गिळलं, आणि बाई ताट मांडीवर घेऊन जेवू लागल्या.

पण त्यांचा खरा जीव होता मधल्या दोन पानांत. तिथे गृहपाठ असायचा. वाचकानं तो लिहून टपालानं पाठवायचा. बाई हिरव्या शाईनं तपासून परत पाठवायच्या. मग वाचकानं सगळ्या दुरुस्त्या करून तोच मजकूर पुन्हा नीट लिहून तपासलेल्या कागदासह धाडायचा. ही शुद्ध प्रत. ती आली की बाई तिच्यावर बरोबरची खूण करून ज्याच्या त्याच्या फायलीत लावून टाकायच्या. शुद्ध प्रतीत स्वतःचं काही घालायचं नाही, असा चौकटीतला नियम दर अंकात छापलेला असायचा.

बाईंना एक धाकटी बहीण होती, सोळा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, वडील मागोमाग गेले, तेव्हा धाकटीला बाईंनीच वाढवलं म्हणायला हरकत नाही. पोरगी महा नकलाकार. शाळा बुडवायची असली की पोट धरून अशी काही गडाबडा लोळायची की एकदा डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं, आणि डॉक्टर सुई काढेपर्यंत तिनं सोंग सोडलं नाही. बाईंच्या भाषेपासून मात्र ती चार हात लांब राहायची. "ताई, तुझ्या भाषेत मला भूकसुद्धा लागत नाही," असं म्हणून पळायची.

चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं आणि ती सहा तासांवरच्या गावी गेली. आता तिला माहेर म्हणजे एक ताईच. सासरी नवरा, सासूबाई, ऐसपैस घर. नाव ठेवायला जागा नव्हती. फोन लावला की सासूबाई तो स्पीकरवर टाकायला लावत आणि पत्र आलं की आधी स्वतः उघडत. "आमच्यात लपवाछपवी नाही हो," असं त्या कौतुकानं सांगत. बाईंनाही ते घर मोकळंढाकळं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी एकदा फोनवर धाकटी म्हणाली, "ताई, मला तुझी भाषा शिकव. तुझ्या त्या गृहपाठातून."

बाईंना आकाश ठेंगणं झालं. हिला आत्ताच हे काय सुचलं, असं त्यांनी विचारलं नाही. एवढ्या हुशार बाई, पण आयुष्यभर त्यांनी कुणाही शिकणाऱ्याला हे विचारलं नव्हतं. शिकायचंय ना, मग शीक. सासरच्यांनाही वावगं वाटलं नाही. घरात बसून वह्या भरते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासूबाई पाकिटं उघडत, ती वेडीवाकडी अक्षरं बघत आणि तिच्या हातात देत.

धाकटी झपाट्यानं शिकली. दुसऱ्या वर्षी तिनं फोनवरच त्या भाषेत काहीतरी भरभर बोलायला घेतलं, तेव्हा बाईंनी तिला तिथल्या तिथे थांबवलं. "उच्चार कच्चे आहेत अजून. घाई नको. लिहून पाठव." पलीकडे सासूबाई हसल्या. धाकटीही हसली, जरा उशिरानं.

मग एका अंकात बाईंनी गृहपाठ दिला, 'नातेवाइकाला घरी बोलावणारं पत्र लिहा. बारा ओळी. कल्पनेला मोकळीक.' पंधरा-वीस उत्तरं आली. कुणी मामाला बागेतली फुलं बघायला बोलावलं होतं, कुणी आतेभावाला पोहायला. धाकटीनं लिहिलं होतं, 'प्रिय ताई, तू ये. इथे दोघंही बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालतात. फोन ते देतात तेव्हाच मिळतो. गेल्या महिन्यात माझा हात मोडला तो जिन्यावरून पडून नाही. ये आणि मला घेऊन जा. मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस.'

बाईंनी हिरवं पेन उघडलं. क्रियापदं चोख होती. दोन ठिकाणी शब्द मागेपुढे झाले होते, ते बाणांनी जागेवर नेले. खाली शेरा दिला, 'उत्तम. भावना परिणामकारक. तारीख घालायला विसरू नये. दहापैकी साडेआठ.' साडेआठ बाईंनी कुणालाच दिलेले नव्हते. पोट धरून लोळणारी पोरगी आता कागदावर लोळते आहे, असं वाटून त्यांना हसू आलं, आणि पाकीट त्यांनी त्याच दिवशी टपालात टाकलं.

आठवड्यानं शुद्ध प्रत आली. तारीख घातलेली, बाण पाळलेले, एकही चूक नाही. फक्त शेवटी एक नवं वाक्य होतं. 'हा गृहपाठ नाही, ताई.'

बाईंनी ते वाचलं. वाचलं नाही असं त्या पुढे कधीच म्हणू शकल्या नाहीत. वाक्यरचना बरोबर आहे हे पाहिलं, नकलाकाराची नवी टूम म्हणून गालातल्या गालात हसल्या आणि त्यावर एक हिरवी आडवी रेघ ओढली. समासात लिहिलं, 'शुद्ध प्रतीत नवीन मजकूर नको.' मग बरोबरची खूण करून कागद फायलीत लावला. दोन महिन्यांनी पत्र वार्तापत्रात छापलं, नाव गाळून, चौकटीत, 'आदर्श पत्रलेखन' म्हणून. खोडलेलं वाक्य अर्थातच त्यात नव्हतं.

त्यानंतर धाकटीचा गृहपाठ आला नाही. फोन केला तर सासूबाई म्हणत, आंघोळीला गेलीय, झोपलीय, बरं वाटत नाहीय. बाईंच्या घरी अशा वाचकांसाठी छापील कार्डांचा गठ्ठा होता. 'आपला गृहपाठ आलेला नाही. नियमितपणा हाच अभ्यासाचा पाया.' तशातलं एक त्यांनी धाकटीला धाडलं. बहीण म्हणून सवलत दिली असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून खाली सहीसुद्धा पूर्ण नावानं केली.

एका सकाळी टपालातून पोस्टातल्या एका निवृत्त कारकुनाचं पत्र आलं. गृहस्थ सत्तरीचे, नवशिके, अक्षरओळख होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मराठीतच लिहिलं होतं. 'बाई, मला अजून वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल. चौकटीतलं पत्र मी एकेक शब्द कोशात बघत वाचलं. नऊ दिवस लागले. काल पुरं झालं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. विचारायचं असं की, त्या बाईंना आणायला कुणी गेलं का?'

बाईंच्या हातात हिरवं पेन होतं. ते टोपण न लावताच टेबलावर राहिलं आणि त्याची शाई एका पाकिटावर पसरत गेली. त्यांनी धाकटीची फाईल काढली. पहिली प्रत. शुद्ध प्रत. छापलेला अंक. तेच पत्र तीनदा समोर होतं, आणि तिन्हींवर त्यांचाच हात फिरलेला होता. नऊ दिवसांत एका म्हाताऱ्यानं जे वाचलं, ते सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना चार महिने वाचता आलं नव्हतं. त्यांनी आपल्याच तोंडावर हात दाबून धरला. मग पायात चपला सरकवल्या आणि दाराला कुलूप लावलं की नाही हेही न बघता बसस्टँड गाठलं.

सहा तास त्या एकच वाक्य घोकत होत्या. दार सासूबाईंनी उघडलं. "अगंबाई, न कळवता?" म्हणत त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि आत हाक मारली. धाकटी आली. अंगानं निम्मी झाली होती. डावा हात कोपरात वाकडा जुळला होता. ती बाईंच्या शेजारी न बसता सासूबाईंच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"हिला चार दिवस घेऊन जावं म्हणते," बाई म्हणाल्या.

"विचारा की तिलाच. आम्ही का बांधून ठेवलंय?"

मग बाई त्या भाषेत बोलल्या. "मी आले. चल. आत्ता. सामान नको. मी चुकले, तू फक्त माझ्याबरोबर चल." घोकलेलं वाक्य पार मोडून गेलं होतं, क्रियापद एकीकडे नि कर्ता भलतीकडे. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

धाकटीचे डोळे हलले. कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता, हे बाईंना स्पष्ट दिसलं. खुर्चीच्या पाठीवरची तिची बोटं पांढरी पडली. मग ती सासूबाईंकडे बघत मराठीत म्हणाली, "काय म्हणतेस, ताई? मला नाही येत आता ते. विसरले मी."

"अहो, किती डोकं खपवायची!" सासूबाई हसल्या. "मुलानं शेवटी वह्या उचलून ठेवल्या तेव्हा कुठे घरात लक्ष लागलं तिचं. तुमच्या अंकांचा कागद मात्र छान जाड असतो हो."

धाकटी आत वळली, तशा बाईही उठून मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. धाकटी चहा ठेवत होती. फळीवर डब्यांखाली अंकांची पानं अंथरलेली होती, अगदी काटकोनात. मिठाच्या बरणीखालून चौकटीचा कोपरा दिसत होता. बाईंनी तिचा धड हात धरला. "चल ना गं," त्या मराठीतच म्हणाल्या, "पाया पडते तुझ्या."

धाकटीनं हात सोडवून घेतला. रागानं नाही. गाळणी घ्यायची होती म्हणून. बाहेरच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला तशी ती एका बाजूला झाली आणि चहा ओतता ओतता हळूच म्हणाली, "तुझं कार्ड मिळालं होतं, ताई. सही ओळखली मी."

 संध्याकाळच्या बसनं बाई एकट्याच परतल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेल्या, वकिलाला भेटल्या. दोघांनीही हेच विचारलं, की तिची स्वतःची तक्रार आहे का. बाईंनी फाईल पुढे केली. चौकीवरच्या महिला फौजदारांनी कागद उलटसुलट केले, ती खूण आणि साडेआठ गुण पाहिले आणि म्हणाल्या, "हा तर अभ्यास आहे." तरीही त्या धाकटीच्या सासरी जाऊन आल्या. धाकटीनं त्यांना सांगितलं, मी सुखात आहे.

त्या महिन्याचा अंक निघाला नाही. पुढचाही नाही. एकशे नऊ वर्गणीदारांपैकी दोघांनी चौकशी केली. पोस्टातल्या गृहस्थांचं पत्र टेबलावर तसंच पडून होतं, आणि सव्वीस वर्षांत बाईंनी एकाही पत्राला उत्तर द्यायचं बाकी ठेवलं नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांनी साधं निळं पेन घेतलं. गृहस्थांनी विचारलं होतं, कुणी गेलं का. बाईंनी कार्डावर लिहिलं, 'गेले होते. तिनं बोलावलं तेव्हा नाही.'  खाली त्यांनी सही केली, नुसती 'ताई' अशी.