अकरा वस्तरे आणि हळदीचं ओलं बोट

मित्रांनो, घाबरू नका, मी आता कुणाला कापत नाही. मी एक म्हातारा वस्तरा आहे. मुठीत पाते मिटून पडून राहणे, एवढेच माझे काम उरले आहे. तेही दमवणारे असते, हे पडून राहिल्याशिवाय कळत नाही.

कुठल्या भट्टीत जन्मलो ते आठवत नाही. आठवतो तो रायपूरचा बूढ़ापारा मोहल्ला आणि तिथल्या नत्थूभैया न्हाव्यांची खुर्ची. चाळीस वर्षे त्यांनी मला चामड्याच्या पट्ट्यावर परजले. किती नवरदेव माझ्याखालून गेले! मग लोक म्हणू लागले, "भैया, नवीन ब्लेड लावा." मी खणात गेलो. तिथून मला श्रीपाद मास्तरांनी उचलले.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांना वस्तरे जमवायचा नाद. स्वतःची दाढी मात्र प्लॅस्टिकच्या रेझरने करायचे. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

देताना नत्थूभैया म्हणाले होते, "मास्तर, याले पान्यापासून जपजा. धार गेली तर लावता येते, गंज आत गेला तर काही खरं नाही."

मास्तरांनी ते मनावर घेतले. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरात आम्ही अकरा जण एका पत्र्याच्या पेटीत राहतो. आधी पेटीत मखमल होती. मखमल ओल धरते म्हणून ती काढून त्यांनी सागाच्या पट्ट्यांचे कप्पे केले. दर रविवारी कोरडे फडके, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. पात्याला बोट लावायचे नाही, घामातले मीठही आम्हाला खाते. चपलांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात ना, त्या ते गच्चीवर वाळवून आमच्या उशाशी ठेवत. पेटी कपाटात वरच्या फळीवर, कुलपात. स्वयंपाकघरापासून लांब, न्हाणीघरापासून त्याहून लांब.

मास्तरांच्या पत्नी इंदूबाई म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याले तेल लावा म्हटलं तर वेळ नाही. यांचे लाड पाहा!"

पण खंडेनवमीला पेटी त्याच उतरवायच्या. शिवणयंत्र, विळी, मास्तरांचा कंपास आणि आम्ही, सगळे पाटावर. आम्हाला उघडून ठेवायच्या, प्रत्येकाच्या पात्यावर ओल्या हळदीचे बोट, वर पाण्यातून काढलेले झेंडूचे फूल. मग हात जोडायच्या. वर्षभर टोमणे मारणारी बाई त्या दिवशी आमच्यापुढे डोळे मिटून उभी राहायची. आम्हाला कसेसेच व्हायचे.

तीस वर्षे असेच चालले. मग या भादव्यात मास्तरांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली.

खंडेनवमी आली. इंदूबाईंनी आमची पूजा केली, या वर्षी जरा जास्तच वेळ हात जोडले. संध्याकाळी आम्हाला मिटून पेटीत ठेवले आणि कुलूप लावले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर डाव्या हाताने कपाट दाखवू लागले. रोज. घशातून नुसता आवाज यायचा. इंदूबाई घाबरल्या. आजारी माणसाला धारदार वस्तू कशाला हवी? त्यांनी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. आम्ही आत अंधारात होतो, आणि हळदीखाली काहीतरी मला हळूहळू कुरतडत होते.

दिवाळीच्या साफसफाईला लेक श्रावणी रायपुरातल्याच तेलीबांध्याहून आली. म्हणाली, "आई, ये सब हटाओ ना. पापा की हालत देखो. किसी को दे देते हैं."

"देऊन टाकू," इंदूबाई थकून म्हणाल्या. पेटी उघडली.

अकरा पाती. अकराही पात्यांवर एकाच जागी तांबूस डाग. माझा सगळ्यात खोल.

"अरे देवा! तीस वर्षं हळद लावून राहिली मी. कधीच असं नाही झालं!"

श्रावणीने कप्पे उचलले. तळाशी एक मऊ फडके होते, धुऊन घडी घातलेले. त्यावर पिवळे डाग होते, एकावर एक, किती वर्षांचे कोण जाणे. धुऊनही न गेलेले.

इंदूबाईंनी ते फडके उलगडून एकेका डागावरून बोट फिरवले. मग मास्तरांच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"दरवर्षी पूजा झाली की तुम्ही पुसत होते?"

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि रोज कपाट दाखवत होते ते याच्यासाठी?"

पुन्हा मान.

"मग काहून नाही सांगितलं मले? इतकी वर्षं! मी काय खाऊन टाकलं असतं तुम्हाले?"

मास्तरांनी जीभ गोळा केली. एकेक शब्द ओढत म्हणाले, "तुझी... पूजा... होती."

श्रावणी खिडकीकडे वळली. इंदूबाईंनी नाक ओढले आणि म्हणाल्या, "बेटा, मशीनचं तेल आण. आणि कुणाले काही द्यायचं नाही."

दहा जणांचे डाग घासून निघाले. माझा निघाला नाही. तिथे आता मोहरीएवढा खड्डा आहे.

आता रविवारी इंदूबाई पेटी खाटेवरच उघडतात. फडक्याचे एक टोक मास्तरांच्या डाव्या हातात, दुसरे त्यांच्या. वेळ दुप्पट लागतो, तेल चादरीवर सांडते, बोलणी मास्तर खातात. पुढच्या खंडेनवमीला हळद पेटीच्या झाकणाला लावायची, असे ठरले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी जपलेली जुनी वस्तू पेटीत पडली असेल. तिची पूजा जरूर करा. पण नंतर कोरड्या फडक्याने पुसा, आणि आजवर ती कोण पुसत होते, हेही एकदा विचारून घ्या. मी थकलो आहे, जास्त मागत नाही. माझ्या खड्ड्यात तेलाचा एक थेंब जास्त लागतो, तेवढा मात्र घाला.