वाघोबाची खिंड आणि मंजुळाची पाटी

भर उधाणात होडी बाहेर काढणारा नवापूरचा दामू वाघोबाच्या खिंडीत तिसऱ्यांदा सायकलवरून खाली उतरला आणि सायकलीला एक सणसणीत शिवी हासडून रस्त्याच्या कडेला बसला. पालघरहून मनोरकडे जाताना ही खिंड लागते. पहिल्याच वळणावर ऐनाचं एक झाड आहे. त्या झाडापाशी आलं की दामूच्या छातीचा भाता व्हायचा, पायांत गोळे यायचे आणि सायकल आडवी. तीही कॅरिअर रिकामं असताना! पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे उद्योग कुणी सांगितले होते?

सांगितले कुणीच नव्हते. त्यानंच बायकोला शब्द दिला होता.

त्याची बायको मंजुळा वीस वर्षं डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन ही खिंड चालत ओलांडायची. पलीकडे उतरलं की पहिला पाडा बायडीचा, तिच्या मैत्रिणीचा. मंजुळानं सोडे-बोंबील द्यायचे, बायडीनं नवा तांदूळ आणि नागली द्यायची, आणि मग दोघींनी उन्हं कलेपर्यंत बोलत बसायचं. मंजुळाची थोरली पोर तापानं गेली तेव्हा कापणी टाकून बायडी नवापुरात येऊन राहिली होती. तीन दिवस तिनं मंजुळाला एकटीला सोडलं नव्हतं. दामूला ते अजून आठवायचं.

पुढं किनाऱ्याच्या खडपावर, ओल्या खडकांत, पाय घसरून मंजुळाचा गुडघा गेला आणि खिंड बंद झाली. दोन वर्षं झाली त्याला. आणि परवा पालघरच्या बाजारात दामू मासळी विकत असताना बायडीचा जावई शोधत आला. म्हणाला, "सासूचा निरोप हाय. डोळं चाललं माजं. दिसतंय तवर एकदा तोंड दाखवून जा."

त्या दिवशी मंजुळा जेवली नाही. एस.टी.चा कंडक्टर मासळीच्या पाटीसकट चढू देईना, आणि बायडीकडे रिकाम्या हातानं जायला मंजुळा तयार होईना. तिचं ते तोंड दामूला बघवेना. तो बोलून गेला, "मी नेतो तुला सायकलवर. खिंडीत पन उतरवनार नाय."

बोलायला काय जातं! पालघरपर्यंतचा रस्ता सपाट, तो त्याच्या पायाखालचा होता. बाजार उरकला की तो खिंडीकडे सायकल वळवायचा आणि ऐनापाशी हरून परत यायचा. चढ म्हणजे लाट, असंच त्यानं डोक्यात घेतलं होतं. लांबून जोर करून घुसायचं, दात-ओठ खायचे, की पार. पण लाट फुटली की मागं पाणी शांत असतं. चढ काही फुटत नव्हता.

शिवाय दिवसेंदिवस सायकल जडच होत चालली होती. दामूला वाटलं, आपलं वय झालं. खरं कारण त्यांच्या पडवीत भाड्यानं राहणाऱ्या पुंजारामनं शोधलं. हा मराठवाड्याचा गडी, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर. मासळीच्या वासानं नाक मुरडायचा, पण माणूस जिवाचा. एका सकाळी त्यानं साखळीला बोट लावलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"मामा, ही साखळी हाय का कालवण? काय लावलं हिला?"

"मुशीचं तेल. होडीला लावतो तेच. लाकूड कुजत नाय त्यानं."

"आन् ही लाकडाची हाय व्हय?"

दामूनं वाकून साखळी पाहिली. त्या माशाच्या तेलाचा चिकटा होऊन त्यात किनाऱ्यावरची अर्धी वाळू येऊन बसली होती. बाजाराच्या रस्त्यावर कुत्री आपल्याच मागं का लागतात, हेही त्याला त्या दिवशी कळलं. पुंजारामनं साखळी घासलेटात धुतली, मशीनचं तेल सोडलं, आणि दामू ऐनाच्या झाडापलीकडे गेला. पण दुसऱ्या वळणाला पुन्हा नाकी नऊ आले.

घरी येऊन तो पाय चोळत बसला. मंजुळा बोंबील निवडत होती. तिनं विचारलं, "चढताना बघता कुठं तुमी?"

"कुठं म्हंजे? वर. अजून किती ऱ्हायलं ते बघायला नको?"

"म्हनून दमता. डोक्यावर पाटी असली की वर बघता येते काय? आमाला पायापुढचं चार हात दिसायचं. तेवढंच चालायचं. ते सरलं की फुडचं चार हात. खिंड कवा सरली, कळायचं पन नाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "आनि सरळ नाय जायाचं. ह्या कडंनं त्या कडंला जायाचं. बोलायचं नाय, घाई करायची नाय."

वीस वर्षं ही बाई खिंड चढत होती आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही, या विचारानं दामूला स्वतःचीच लाज वाटली.

पण मान खाली राहील तर शपथ. डोळे आपसूक वर जायचे. शेवटी त्यानं मंजुळाची रिकामी पाटी डोक्यावर उपडी घातली, अगदी भुवयांपर्यंत. आता रस्त्याचे चार हातच दिसत होते. कॅरिअरवर मंजुळाच्या जागी मिठाचं पोतं बांधलं. पालघरची पोरं हसून लोळली, एका म्हाताऱ्यानं बैल थांबवून त्याला हात जोडले. दामूनं कुणाकडे पाहिलं नाही, पाहता येतच नव्हतं. एका आठवड्यात तिसरं वळण झालं. पुढच्या आठवड्यात पोत्यासकट तो खिंडीच्या माथ्यावर, वाघोबाच्या ठाण्यापाशी पोचला आणि देवापुढं बसून लहान पोरासारखा हसला.

मग एका पहाटे मंजुळा कॅरिअरवर बसली. मांडीवर सोडे-बोंबलांची भरलेली पाटी, दुसरी, रिकामी, दामूच्या डोक्यावर उपडी. खिंडीच्या पायथ्याशी ती म्हणाली, "उतरू काय?"

"गप बस."

चार हात. पुढचे चार हात. ह्या कडेनं त्या कडेला. मिठाचं पोतं हलत नाही, मंजुळा हलत होती. तिसऱ्या वळणावर सायकल डगमगली आणि दामूला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिनं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं आणि ती निश्चल बसून राहिली. तिचा श्वास त्याला सदऱ्यातून जाणवत होता, आणि त्या श्वासाच्या तालावर तो पायडल मारत राहिला. वाघोबा आला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी होती. मंजुळानं देवापुढं पानफूल ठेवलं आणि पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. पुसता पुसता तीच रडायला लागली.

उतारावर मंजुळा कॅरिअरवरच बसून राहिली आणि दामूनं सायकल हातात धरून हळूहळू खाली आणली. पाड्याकडे वळल्यावर पुन्हा थोडा चढ होता. दामूनं पाटी डोक्यावर घातली आणि तोही पार केला.

बायडी ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. सायकल अंगणात आली, मंजुळा उतरून पुढं झाली, तरी बायडीची नजर तिच्यावर ठरेना. सूप हातात धरून ती नुसतीच समोर बघत राहिली. मंजुळाचे पाय तिथंच थांबले. ऐनापाशी वाया घालवलेला एकेक दिवस दामूला आठवला. उशीर झाला होता.

"बायडे," मंजुळा कशीबशी म्हणाली. "मी आले गं."

सूप खाली पडलं. बायडी चाचपडत पुढं आली. तिनं मंजुळाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उन्हाकडे वळवलं, अगदी नाकाजवळ आणलं. कपाळावरून, गालांवरून तिची बोटं फिरत राहिली. मग मंजुळाच्या खांद्यावरून तिनं डोळे बारीक करून सायकलीकडे पाहिलं.

"मंजुळे," ती म्हणाली, "तुझ्या दादल्यानं डोक्यावर पाटी कशाला घातलीय गं?"