चारातल्या दोन पिना

निकाल जाहीर झाला तेव्हा माझा उजवा गुडघा घोषालसरांच्या हातात होता आणि ते त्यावर बाटलीतलं पाणी ओतत होते. भोंगा आधी खरखरला, मग म्हणाला, "तिसरी, मोधुबोंती..." पुढचं आडनाव त्याला झेपलं नाही. आम्हाला कोलकात्यात तीन वर्षं झाली. घराबाहेर मला मधुवंती कुणीच म्हणत नाही, आणि खरं सांगू का, मला आता मोधुबोंतीच जास्त वेगवान वाटते.

तिसरी! पहिल्या पाच जणी उद्याच्या फायनलला. राज्य शालेय स्पर्धा, मुली, पंधराशे मीटर. आणि त्यात मी, जिच्या पोटात नववीपर्यंत दर पी.टी.च्या तासाला कळ यायची! आईने सुट्टीच्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या असायच्या, फक्त तारीख घालायची.

मी किंचाळणारच होते, तेवढ्यात भोंगा पुढे म्हणाला, "नंबर दोनशे चौदा, सुपर्णा नस्कर. दुसऱ्या धावपटूला ढकलल्याबद्दल बाद."

दुसरी धावपटू म्हणजे मी.

"योग्य झालं," घोषालसर म्हणाले. ते आमच्या शाळेचे कोच. रागावले की हिंदीतून बंगालीत शिरतात. आत्ता हिंदीतच होते, म्हणजे खुशीत. "पाठीवर हात मारते म्हणजे काय! पण तू उठलीस, पळालीस. शाबाश. तोंड असं का केलंस? दुखतंय?"

"नाही सर."

खरंच दुखत नव्हतं. मी माझ्या डाव्या बुटाचा तळ बघत होते. स्पाइक्सच्या तळाला लोखंडी काटे असतात, त्यातल्या दोन काट्यांवर काहीतरी लाल सुकत होतं. ट्रॅकही लालच असतो. मी बोट ओलं करून पुसलं आणि बोटाकडे पाहिलं. ट्रॅकचं नव्हतं.

शेवटच्या फेरीत झालं ते. सुपर्णा माझ्या पुढे, आतल्या लेनमध्ये. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर मी तिला बाहेरून गाठलं आणि जरा पुढे गेले. आता वळण येणार होतं, आणि वळण बाहेरून मारायचं म्हणजे फुकटचं जास्त अंतर. यावर घोषालसरांचा एकच नियम आहे. रोज सकाळी साडेपाचला सेंट्रल पार्कात ते तो ओरडून सांगतात, फिरायला आलेल्या आजोबांनाही पाठ झालाय. मागचीच्या पुढे एक पूर्ण ढांग गेल्याशिवाय आत वळायचं नाही. पाऊल नाही, ढांग!

मी मान वळवून पाहिलं. अर्धी ढांग होती. मी आत वळले.

माझा मागे उचललेला पाय कशाला तरी लागला. आधी मऊ, मग कठीण. मग पाठीवर हात आपटला, मी गुडघ्यावर गेले, उठले आणि पळत सुटले. मागे धप्प झालेलं ऐकलं. वळून पाहिलं नाही. वळणावरच्या पंचांनी नियम मोडल्याचं पिवळं निशाण वर केलं तेव्हा त्यांना मागून काय दिसलं असणार? एक हात आणि एक पाठ.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितलीच नाही. रेसच्या आधी आम्हाला एका मंडपात रांगेने बसवलं होतं. छातीवरचा नंबर चार पिनांनी लावायचा असतो. माझ्या पिना बॅगेत, बॅग सरांकडे, सर कुंपणापलीकडे. तिथल्या बाई म्हणाल्या, पिना नाहीत तर बाहेर हो. तेव्हा शेजारच्या मुलीने स्वतःच्या नंबरच्या खालच्या दोन पिना काढल्या आणि माझा नंबर माझ्या छातीवर लावून टाकला.

"थँक्यू," मी म्हटलं.

"नंतर. हललीस तर टोचेल."

ती सुपर्णा. दूरच्या कॅनिंग गावाहून आली होती, पहाटेच्या गाडीने सियालदहला, तिथून मेट्रो. एकटीच. तिच्या सरांच्या मुलीचं लग्न होतं. हे सगळं तिने दात-ओठ आवळून, एक पिन तोंडात धरून सांगितलं. मग आम्ही दोघी खालून फडफडणारे नंबर घेऊन पळालो.

"मधू! मधू!" बाबा कुंपणाच्या दारातून आले. बँकेतून अर्धी रजा घेऊन आलेले, बँकेच्याच बुटांत. "अगं, ग्रुपवर बघ! उषामावशी काय म्हणतायत बघ!"

ग्रुप म्हणजे मंडळाचा. कोलकात्यातली चाळीसेक मराठी घरं. एकाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी सगळ्यांना कळतं. बाबा रेसचा व्हिडिओ टाकून मोकळे झाले होते, खाली लिहिलं होतं, 'धक्का दिला तरी डगमगली नाही आमची मधू!' उषामावशींनी लिहिलं होतं, 'त्या मुलीवर आजन्म बंदी घाला.' सारंगकाकांनी फुगवलेल्या दंडांची तीन चित्रं आणि एक झेंडा पाठवला होता.

माझ्या पोटात कळ आली. नववीतली, जुनीच.

"बाबा, व्हिडिओ दाखवा."

बाबा शूटिंग करतात तेव्हा जगात फक्त मी असते. शाळेच्या नाटकात मी झाड होते, तर आमच्याकडे दीड तासाचा झाडाचा व्हिडिओ आहे, राजा कुठेच नाही. इथेही तसंच. पडदाभर मी. मागे बाबांचा आवाज, "चल मधू, चल, चल!" मग माझी मान वळते. माझे दोन्ही डोळे दिसतात, स्वच्छ. मग मी आत येते. काटे एका नडगीवर घासतात. आणि मग, त्यानंतर, कडेने एक हात येतो.

"बाबा, हात नंतर आला."

"हं."

"मी मागे पाहिलं होतं."

"पळताना बघतोच माणूस."

"पाहिलं आणि तरी वळले."

बाबांनी व्हिडिओ परत लावला. या वेळी आवाज बंद करून. "निकाल पंचांनी दिलाय, मधू," ते हळूच म्हणाले. "आपण काही मागायला गेलो नव्हतो."

मी बुटाचा तळ त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, "मंडळाला काय सांगू आता?"

घोषालसरांनी व्हिडिओ पाहिला आणि घड्याळ पाहिलं. निकालानंतर तीस मिनिटं तक्रार करता येते, रेफरीकडे, तोंडी. अकरा चाळीसला निकाल. आता अकरा बावन्न.

"पण तक्रार तिने करायची असते. नाहीतर तिच्या माणसाने. तू तिची कोण?" सर म्हणाले. "आणि हे दाखवलंस तर तू बाद." मग ते बंगालीत गेले. "दोन वर्षं, मोधुबोंती! दोन वर्षं साडेपाच वाजता उठलोय मी!"

"मीपण उठलेय, सर," मी म्हटलं आणि माझा आवाज चिरकला. पण पाय आधीच निघाले होते.

प्रथमोपचाराच्या खोलीत ती नव्हती. नर्सदीदी कापूस गोळा करत होत्या. "गेली ती. म्हटलं, टाके घालावे लागतील, हॉस्पिटलमध्ये जा. म्हणाली, आधी घरी जाते. आत्ताच गेली बघ, मेट्रोकडे."

काट्यांचे बूट घालून रस्त्यावर पळता येत नाही. मी ते काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर सुटले. फाटकाबाहेर चहावाला, झालमुडीवाला म्हणजे आपला भेळवाला, शाळांच्या बसेस, आणि मी. गुडघा आता खरंच दुखायला लागला होता. तिने मेट्रो पकडली असेल तर? फोन नंबर नाही, काही नाही. ती तिकडे, मी उद्या फायनलला, आणि टाळ्या. मला एवढं जोरात पळताना कुणी पाहिलं नसेल, आणि घड्याळही कुणी लावलं नव्हतं.

ती मेट्रोच्या जिन्यावर होती. कठडा धरून एकेक पायरी चढत होती. पोटरीपर्यंत पट्टी, पट्टीवर लाल डाग.

"सुपर्णा!"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं वाटलं असतं.

माझं बंगाली दुकानापुरतं आहे. कांदे द्या, किती झाले, दादा जरा कमी करा. "आमार दोष," मी म्हटलं. माझी चूक. पुढचं येईना, म्हणून हिंदीत ओतलं सगळं. मी मागे पाहिलं होतं, तू ढकललं नाहीस, हात नंतर आला, व्हिडिओ आहे.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुझे काटे माझ्या पायात घुसले, आणि तू मला सांगतेस?"

"मग तू तक्रार का नाही केलीस?"

"कुणाकडे? मी पलंगावर होते, दीदी स्पिरिट लावत होती आणि भोंग्यातून माझं नाव आलं. ढकललं म्हणे." ती खाली बघायला लागली. "आईला फोन नाही केला अजून. ती म्हणेल, म्हटलं होतं ना, नको जाऊस."

"बारा दहापर्यंत करता येते. चल."

"या पायाने?"

तेवढ्यात खाली टोटो थांबली. टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, चालवणाऱ्याच्या शेजारी अर्धे बाहेर लटकलेले बाबा. केस उभे, टाय पाठीवर. "बेटी, बैठो!" ते सुपर्णाला म्हणाले, आणि मला मराठीत, "तू पण बस, गधडे. अनवाणी!"

बारा पाच. टोटो सिग्नलला थांबली. सुपर्णा पट्टी धरून बसली होती, मी माझे बूट. लाल आकडे उतरत होते, चाळीस, एकोणचाळीस. बाबा चालकाला म्हणाले, "दादा, जरा..." चालक म्हणाला, "उडू का?"

बारा आठला आम्ही रेफरींच्या मंडपात, टेबलापाशी पोचलो. दत्तमॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तक्रार कोणाची?"

"माझी," सुपर्णा म्हणाली.

"काय तक्रार आहे?"

सुपर्णाने फक्त माझ्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर मी नुसती मान हलवली असती, तेवढंच मला हवं होतं. तिने सांगितलं नाही.

"मी आत वळले, मॅडम. एक ढांग पुरी झाली नव्हती. पाहिलं होतं मी. ती माझ्या पायाला अडखळली, म्हणून तिचा हात लागला."

मॅडमनी व्हिडिओ तीनदा पाहिला. बाबा आवाज बंद करायला विसरले होते. तीन वेळा त्या मंडपात सगळ्यांसमोर "चल मधू, चल, चल!" झालं. तिसऱ्या वेळी बाबा बाहेर बघायला लागले.

"याचा अर्थ कळतोय तुला?" मॅडमनी विचारलं.

"हो."

पण अगदी खरं सांगते, मनात कुठेतरी वाटत होतं की खरं बोलल्यावर काहीतरी सवलत मिळते. मॅडम उठतील, पाठ थोपटतील, दोघींनाही पळू द्या म्हणतील. त्यांनी पेन उघडलं. "दोनशे चौदा, बाद रद्द. अडवलं गेलं, म्हणून थेट फायनलला. दोनशे एकतीस, बाद." खाली सही केली आणि पुढचा कागद ओढला. बस, एवढंच. मी मंडपाच्या मागे जाऊन रडले, आवाज न करता, आणि घोषालसर शेजारी उभे राहून पाण्याची रिकामी बाटली दाबत राहिले, कटकट कटकट.

संध्याकाळी बाबांनी ग्रुपवर लिहिलं, 'चूक आमच्या मधूची होती. त्या मुलीने ढकललं नव्हतं.' सगळ्यांनी वाचलं. आईने फोन उलटा करून ठेवला. मग उषामावशींचं आलं, 'पाय कसा आहे तिचा?'

तीन टाके. डॉक्टर म्हणाले होते पळू नकोस, आणि तिने विचारलं होतं, पळाले तर काय होईल. डॉक्टर म्हणाले, दुखेल. हे तिने मला दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या जाळीतून सांगितलं. ती आत, मी बाहेर.

"माझ्या दोन पिना दे," ती म्हणाली.

मी दिल्या. ती लंगडत मंडपाकडे गेली, मग परत आली. "त्या वळणावर उभी राहा. कुणी आत घुसायला लागलं तर ओरड."

"ओरडून काय होणार?"

"तुला काय जातं?"

मी वळणावर जाऊन उभी राहिले. शेजारी बाबा, फोन घेऊन. पिस्तूल वाजलं. पहिल्या फेरीत ती सातवी, दुसरीतही सातवी, पट्टी पांढरी. घंटा वाजली तेव्हा सहावी, आणि पट्टीवर एक ठिपका. मी जाळीत बोटं अडकवली होती, ती पांढरी पडली होती. माझ्या रेसला मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"बाबा, सगळ्या दिसू देत ना!"

"थांब गं, ही फ्रेमच्या बाहेर जातेय." बाबांच्या पडद्यावर फक्त सुपर्णा होती.

पलीकडच्या सरळ पट्ट्यावर निळ्या बनियनमधली एक उंच मुलगी बाहेरून तिच्या बरोबरीला आली. मग थोडी पुढे गेली. वळण जवळ येत होतं. त्या मुलीने मान वळवली.

"ढांग!" मी ओरडले. मराठीत. घशाच्या देठापासून. "अगं, ढांग होऊ दे! एक ढांग!"

तिथे कुणाला कळणार होतं? पण निळ्या मुलीचं डोकं परत पुढे झालं. तिने एक ढांग टाकली. आणखी एक टाकली. मग आत वळली, आणि तिच्या मागे मोकळ्या जागेतून सुपर्णा माझ्यासमोरून गेली, दात-ओठ आवळून, पट्टी लाल, नंबर चारही कोपऱ्यांनी घट्ट.