थोरलीच्या खुर्चीवर

धाकटीने केसातली पिन काढून फ्रेमच्या मागच्या स्क्रूत खुपसली. पिन वाकली, स्क्रू जागचा हलला नाही. फ्रेम शाळेच्या सुतारकामाच्या मास्तरांनी केली होती, आणि मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ते चारच्या जागी आठ स्क्रू मारत. समारंभाला अर्धा तास उरला होता. खाली सभागृहात खुर्च्यांचा खडखडाट चालू होता.

व्यासपीठावर शेवटच्या वर्षाच्या त्रेचाळीस मुलांच्या खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली थोरलीची. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. आज तिचंही प्रमाणपत्र वाचलं जाणार होतं, आई ते घेणार होती, आणि तोवर खुर्चीवर तिचा फोटो राहणार होता.

फोटोतली मुलगी मान मागे टाकून हसत होती. अर्ध्या चेहऱ्यावर केस उडालेले, अंगात थोरलीचा निळा स्वेटर. खाली ठसठशीत अक्षरांत थोरलीचं नाव आणि जन्म-मृत्यूची सालं.

फोटो धाकटीचा होता.

मागच्या वर्षी गच्चीवर कपडे वाळत घालताना थोरलीने तो काढला होता. घरात मोबाइल कायम थोरलीच्याच हातात, त्यामुळे फोटोत नेहमी बाकीचे. आईने तो थोरलीच्या मोबाइलमधून शोधला, स्वेटर ओळखला आणि परस्पर मोठा करून आणला. खुर्च्या लावायला म्हणून लवकर आलेल्या धाकटीला तो दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा दिसला.

"काय करतेस?"

मागे चष्मिष उभी होती, थोरलीची पहिलीपासूनची मैत्रीण.

"हा माझा फोटो आहे."

चष्मिषने फोटोकडे बघितलंसुद्धा नाही.

"माहितीये. काकू घेऊन आल्या तेव्हाच कळलं. सगळ्या वर्गालाच."

"आणि एकानेही तोंड उघडलं नाही?"

"काकू म्हणाल्या, बघा कशी हसतेय माझी पोर." चष्मिष चष्मा पुसू लागली. "मग कोण बोलणार? तू बोलली असतीस?"

पिनेचं दुसरं टोक धाकटीने पुढच्या स्क्रूत घातलं. रिकामी फ्रेम चालली असती. अगदी नुसती खुर्चीही चालली असती.

दोघी बहिणी एका साच्यातून काढल्यासारख्या. शेजारपाजारचे फसायचे तेव्हा आईला त्याची कोण मजा वाटायची. आता मात्र आई धाकटीशी बोलायची ती तिच्या हातांकडे, दप्तराकडे, फार तर खांद्याकडे बघून. चेहऱ्याकडे नाही. धाकटीने घरात केस वेगळे बांधून पाहिले, मुद्दाम भांडूनही पाहिलं. आता हा फोटो भिंतीवर लागला की आई रोज त्याच्याकडे बघणार, पोटभर बघणार. हसरा चेहरा थोरलीचा ठरणार, मग घरात उरलेल्या मुलीकडे राहणार तरी काय? तिला भयंकर राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

बाजूच्या दारातून बाबा आले. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि लग्नाकार्यातही त्यांच्या खिशाला बारका स्क्रूड्रायव्हर असायचा.

"बाबा, तो द्या जरा."

बाबांनी फ्रेमकडे बघितलं, वाकड्या पिनेकडे बघितलं आणि खिशावर हात ठेवला.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"घरी आणला त्या संध्याकाळी कळलं." ते हळू आवाजात म्हणाले, "चार महिन्यांनी आज ती नीट आवरून बाहेर पडलीये गं. सकाळपासून तीनदा केस विंचरले तिने. आजचा एवढा दिवस जाऊ दे. मी हात जोडतो तुझ्यापुढे."

"बाबा, मी मेलेले नाही."

बाबांनी खरंच हात जोडले. धाकटीला ते बघवेना. तिने फ्रेम खुर्चीवर सरळ करून ठेवली आणि खाली जाऊन तिसऱ्या रांगेत बसली.

नावं वाचली जाऊ लागली. मुलं एकेक करून पुढे येत होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीजवळून जाताना प्रत्येकाची नजर आपोआप जमिनीकडे वळत होती. बेचाळीस झाली. मग वर्गशिक्षिकेने थोरलीचं नाव घेतलं. त्यांचा आवाज मध्येच चिरकला. सगळं सभागृह उभं राहिलं आणि आई पायऱ्या चढून वर गेली.

प्रमाणपत्र काखेत धरून तिने फ्रेम उचलली. वर दिव्यांचा लख्ख उजेड होता. घरी तिने हा फोटो डोळ्यांत पाणी आल्याशिवाय कधी पाहिला नव्हता; इथे एवढ्या लोकांपुढे तिने डोळे कोरडे ठेवले होते. तिने काचेवरून अंगठा फिरवला. हनुवटीवरच्या व्रणावर तो थांबला. सायकलवरून पडली तेव्हा धाकटीला तिथे तीन टाके पडले होते.

आईने मान वर केली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. मग ती सरळ धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. शेजारी बाबांनी धाकटीचा हात दाबला.

"इकडे ये," आई वरून म्हणाली.

लोकांना वाटलं, आईला धाकट्या लेकीचा आधार हवाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी कशीबशी वर पोचली.

"हा तुझा आहे."

धाकटीने मान डोलावली. माफी मागायची की काय करायचं, तिला कळेना.

"तुला एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं," आई म्हणाली. "कोण होतं समोर?"

"ताई."

"काय म्हणाली होती ती?"

टाळ्या थांबल्या. मुख्याध्यापक माइक हातात घेऊन दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थबकले. धाकटीने डोळे मिटले. गच्ची दिसली, ओल्या चादरी दिसल्या, एका हातात चिमटे आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरलेली ताई दिसली. तिचे ओठही हलताना दिसले. शब्द काही केल्या आठवेनात.

तिने डोळे उघडले. आईने तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आठव ना गं," आई म्हणाली.