मागच्या सीटवरची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग आता कोणता म्हणायचा यावर घरात एकमत नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा तो निळा होता, एवढे मला पक्के आठवते.

कारखान्यातून मला एका गणित शिकवणाऱ्या बाईंच्या दारात आणून उभे केले. वर्गात नवीन मुलगी आल्यासारखे त्यांनी मला आधी न्याहाळले, मग माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मान डोलावली. तेव्हापासून मी त्यांची झाले.

बाईंच्या यजमानांचा एक पाय गुडघ्यात वाकत नसे. त्यामुळे ते पुढे बसत नसत. मागच्या सीटवर उजव्या दाराला पाठ टेकून, पाय आडवा पसरून ते बसत. हातात काठी असे. स्टिअरिंगला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण गाडी आपणच चालवतो असा त्यांचा ठाम समज होता. वळणावर बाईंचा वेग जास्त वाटला की ते काठीने माझ्या तळावर ठोकत. टक् टक्. बाई म्हणत, "ऐकू आलं," आणि वेग कमी करत. मग काठी गप्प होई. यजमान मुळातच अबोल, त्यामुळे कित्येक प्रवास दोघांच्या एवढ्याच बोलण्यावर पार पडले. त्या काळी लोक माझेही कौतुक करत. गाडी जुनी झाली, पण कुरकुर नाही, असे म्हणत.

मग यजमान गेले. सकाळी मी त्यांना दवाखान्यात नेले आणि परत येताना मागच्या सीटवर फक्त काठी होती. बाईंनी ती घरात नेऊन ठेवली.

बाई रडल्या नाहीत. शेजारणींनी वाट पाहिली, लेकीने वाट पाहिली. बाई शिकवण्या घेत राहिल्या, भाजी आणत राहिल्या. मला आतून पुसणे मात्र त्यांनी बंद केले. मागच्या उजव्या दाराच्या काचेवर यजमानांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तो जाईल म्हणून. माझ्या कानाकोपऱ्यांत धूळ साचत गेली.

काही महिन्यांनी एका डाव्या वळणावर मागच्या उजव्या कोपऱ्यातून आवाज आला. टक् टक्.

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरले. वेग कमी केला. आवाज थांबला. त्यांनी आरशात पाहिले. सीट रिकामी होती. तरीही त्या हळूच म्हणाल्या, "ऐकू आलं."

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या अंगातला आवाज हिला ओळखू येऊ नये? पण मित्रांनो, मलाही तो काठीचाच वाटला. तीच जागा, तेच वळण, आणि हळू झाल्यावर तसेच गप्प होणे. मला भीती वाटली आणि बरेही वाटले. सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्री विचारत, काही तक्रार? बाई म्हणत, छे, काही नाही. मिस्त्री मला समोरच्या गल्लीत सावकाश फिरवून आणत. ती गल्ली सरळ होती. तिथे यजमानांना ठोकायचे काही कारणच नव्हते.

हळूहळू ती टकटक प्रत्येक डाव्या वळणावर येऊ लागली. तिच्याखाली एक बारीक घरघरही ऐकू येई. बाईंना वाटे, हे अलीकडे फारच काळजी करतात. त्या मागे वळून न बघता त्यांच्याशी बोलत. लेकीचा फोन, दुखरी दाढ, एखाद्या विद्यार्थ्याचा गाढवपणा, सगळे सांगत. मग वळण आले की उत्तराची वाट पाहत. ते उत्तर येई.

सुट्टीत लेक आपल्या मुलीला घेऊन आली. ही नात क्षणभर एका जागी बसत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सुट्टीभर ती आजीकडे राहणार होती आणि बाई तिला रोज माझ्यातून पोहायच्या तलावावर नेणार होत्या. स्टेशनवरून येताना भिंगरी मागच्या उजव्या कोपऱ्यात बसली. पहिल्याच डाव्या वळणावर टकटक झाली.

"आई, हा आवाज कसला?" लेकीने विचारले.

"बाबा आहेत तुझे," बाई सहज म्हणाल्या. "हळू घे म्हणतात."

भिंगरीने पाय वर ओढून घेतले. घरी उतरल्यावर लेकीने मुलीला आत पाठवले आणि म्हणाली, "मिस्त्रींना दाखव, आई. तोवर माझी मुलगी या गाडीत बसणार नाही."

"म्हणजे त्यांना घालवून देऊ?" बाईंनी विचारले.



दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन एकट्याच गॅरेजमध्ये गेल्या. या वेळी त्यांनी काठी सोडून सगळे सांगितले. डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर येतो, तिथेच बघू, असे मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, माझी मागची बाजू जॅकवर उचलली, खाली आधार दिला आणि हँडब्रेक सोडला. मग उजवे चाक वरून आणि खालून धरून त्यांनी ते हलवले.

टक् टक्.

भर दुपारी, शेजारी रेडिओ चालू असताना, यजमानांचा आवाज मिस्त्रींच्या हातांतून आला.

मिस्त्रींचे सगळे लक्ष चाकात होते. त्यांनी बाईंना आत बसून ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेक दाबला तेव्हा चाक जागचे हलले नाही. सोडल्यावर पुन्हा वाजले. म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, त्यांनी समजावले. ब्रेक दाबूनही वाजले असते तर एक्सलच्या सांध्यांत शोधावे लागले असते. डावे चाकही त्यांनी हलवून पाहिले. ते घट्ट होते.

"ते उजवं परत एकदा हलवाल?" बाई आतून म्हणाल्या.

मिस्त्रींनी हलवले.

"अजून एकदा."

मिस्त्रींनी वर पाहिले. पुन्हा हलवले.

चाक उघडले तेव्हा बेअरिंगचा चुरा बाहेर पडला. एक्सलचा नट नुसत्या बोटांनी फिरत होता. मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. "बाई, हे चाक निघून कसं गेलं नाही? वळणं फार हळू घेत असाल तुम्ही."

"हळू घ्या म्हणणारं कोणीतरी होतं," बाई म्हणाल्या.

नवे बेअरिंग बसले, नट आवळला. घरी जाताना पहिल्या डाव्या वळणावर बाईंनी वेग मुद्दाम कमी केला नाही. काही वाजले नाही. पुढच्या वळणावर त्यांनी "अहो" अशी हाक मारली आणि जीव कानांत आणून ऐकत राहिल्या. माझे चाक निमूटपणे फिरत होते. एवढी शांतता मी नवीन होते तेव्हाही माझ्यात नव्हती. बाईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतले, इंजिन बंद केले आणि मागे वळून पाहिले.

"गेलात ना," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच रडल्या.

मित्रांनो, आता मागे भिंगरी बसते आणि ती सुखरूप आहे. तुमच्याही गाडीच्या मागच्या चाकातून ठोका ऐकू आला तर दिवस ढकलू नका, चाक उचलून हलवून बघायला सांगा. चाक आवळले की गाडी बरी होते. पण त्यानंतर आत बसलेले माणूस अगदी एकटे पडते. त्याला लगेच घरी चला म्हणू नका. जरा वेळ त्याच्याजवळ बसा.