मांडीवरचं पुस्तक

होंडुरासच्या डोंगरातल्या त्या गावात कोणी मेलं की नऊ दिवसांच्या प्रार्थना दिओनिसियानंच म्हणायच्या, हे एकतीस वर्षं ठरलेलं होतं. सासूचं काळं पुस्तक ती मांडीवर उघडायची, अधूनमधून पान उलटायची आणि सगळं तोंडपाठ म्हणायची. तिला एक अक्षरही येत नव्हतं. ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मरेपर्यंत कळू द्यायचं नाही असा तिचा निश्चय होता.

मग तिची धाकटी जाऊ एर्लिंडा शाळेच्या ओसरीवर भरणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गात जायला लागली. बेचाळीस वर्षांची बाई, मक्याच्या टोर्टिया थापायच्या सोडून फळ्यासमोर बसते! दिओनिसियाच्या अंगाचा तिळपापड झाला. एर्लिंडा आता मिठाच्या पिशवीवरचं वाचायची, बसवरची पाटी वाचायची आणि लोक कौतुकानं बघायचे. ते कौतुक दिओनिसियाला बघवत नव्हतं.

गावातल्या कान्दिदाची वीस वर्षांची मुलगी तापानं गेली, तेव्हा एर्लिंडा प्रार्थनेला नेमकी दिओनिसियाच्या शेजारी बसली. चौथ्या दिवशी तिनं हळूच हात पुढे करून दोन पानं मागे उलटली.

"इथे आहोत आपण, जाऊबाई," ती कानाशी पुटपुटली.

म्हणजे हिला कळलं! दिओनिसियानं पुस्तक स्वतःकडे ओढलं. पण एर्लिंडानं कुठे चकार शब्द काढला नाही. ती रोज गुपचूप पान उलटून देत राहिली. हा चांगुलपणाच दिओनिसियाला जास्त खुपत होता. चहाडी केली असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

नवव्या दिवशी दुपारी अंगण माणसांनी भरलं. कॉफी फिरली, आणि दिओनिसियानं सगळ्यांदेखत पुस्तक जावेच्या मांडीवर आदळलं.

"माझे डोळे दुखतायत. तू आता विदुषी झालीस ना? वाच!"

"जाऊबाई, मला अजून नीट…"

"का? पिशव्या वाचताना बरी जीभ चालते!"

एर्लिंडा बोट ठेवून वाचू लागली. अडखळली, घाम पुसला, पुन्हा अडखळली.

"अगं, अशानं पोरगी पुढच्या वर्षी पोचेल स्वर्गात!" म्हातारा एलिओदोरो म्हणाला. लोक फिसकन हसले. दिओनिसियाला मनातून उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात एर्लिंडा थांबली. मेणबत्तीच्या मेणानं चिकटलेली दोन पानं तिनं नखानं सोडवली.

"हे तर कधी ऐकलं नाही," ती म्हणाली, आणि एकेक शब्द जुळवू लागली. "लेकरू… पुरलेल्या… आईसाठी. देवा, हिला धीर धर म्हणू नकोस. हिच्यापाशी… नुसता बस."

आता कुणी हसलं नाही. कान्दिदा नऊ दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली आणि तिनं एर्लिंडाचा हात घट्ट धरला.

दिओनिसिया जळून खाक झाली. कान्दिदानं तिचा हात धरायला हवा होता. एकतीस वर्षं ही प्रार्थना तिच्याच मांडीवर होती. तिचा स्वतःचा तरणाताठा मुलगा आन्सेल्मो नदीत बुडून गेला, तेव्हाही नऊ दिवस ती हेच पुस्तक धरून बसली होती, आणि हे पान मिटलेलंच राहिलं होतं.

एर्लिंडा पान उलटायला लागली. दिओनिसियानं तिचं बोट पकडलं आणि परत पहिल्या ओळीवर आणून ठेवलं.

"पुन्हा वाच," ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हळू वाच. कुठला शब्द कुठे आहे, ते मला दाखव."