उमेदवाराची चूल

अजमल मिस्त्री बोलायचे ते मोटारींशी. माणसांशी बोलण्याचा त्यांना कंटाळाच होता म्हणा ना. बॉनेट उघडलं की "काय गं, कुठं दुखतंय?" असं अगदी मायेनं विचारायचे, आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ उमेदवाराकडे न बघता नुसता हात पसरायचे. त्या हातात नेमका पाना पडायला हवा. चुकीचा पडला तर शिवी नाही, चापट नाही. पाना जमिनीवर ठेवून हात पुन्हा पसरलेला. चांगूला वाटायचं, यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी देणारा निदान आपल्याकडे बघून तरी देतो.

चांगू कापडे गावचा. बाप लहानपणीच गेलेला, घरात आई रखमा, आणि भाताची खाचरं चुलता कुशाबा बघायचा. पोलादपूरच्या रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी धावायला लागल्या आणि या पोराचं शेतातलं लक्ष उडालं. नांगर धरायचा सोडून हा बांधावर उभा राहून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत बसायचा. अखेर रखमानंच त्याला महाडला आणून मिस्त्रींच्या हवाली केलं. मिस्त्रींची शेड पत्र्याची, तिला लागूनच त्यांचं घर. उमेदवारी तीन वर्षांची. पहिल्या वर्षात नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, पाने द्यायचे, बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. झोपायचं शेडमध्येच, गाड्यांच्या सोबतीनं.

तोंड बंद ठेवायला चांगूची ना नव्हती. त्याला खायला उठायची ती दुपारची जेवणाची वेळ.

दुपार झाली की मिस्त्री हात धुऊन घरात जात. ड्रायव्हर अब्बास त्यांच्यातच जेवायचा. क्लीनर मोरू महाडचाच, तो घरी पळायचा. उरायचा चांगू. शेडच्या मागे तीन दगड मांडून त्यानं चूल केली होती. तिथं तो एकटाच भात रांधायचा आणि चिंचेकडे तोंड करून जेवायचा. आईनं बजावलं होतं, आपलं आपण करून खायचं. मुसलमानाच्या घरी जेवला असं कळलं तर भावकी वाळीत टाकायला मागेपुढे बघणार नाही. तेव्हाचे दिवसच तसे होते आणि चांगूला ते मान्यही होतं. त्याला तिथं जेवायचं नव्हतंच. पण आमच्याकडे वाटेनं जाणाऱ्या परक्यालासुद्धा "या जेवायला" म्हटल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नाही. वाटसरू म्हणतो, "होऊ दे तुमचं सावकाश," आणि पुढे जातो. दोघांनाही ठाऊक असतं की तो बसणार नाही, पण म्हणायचं असतं. चांगूला तेवढंच हवं होतं. कुणी तरी "ये रे" म्हणावं आणि आपण "होऊ द्या" म्हणावं.

मिस्त्री एकदाही म्हणाले नाहीत. उलट घरात जाताना मान दुसरीकडे वळवून जात, जणू शेडमागे कुणी नाहीच. ईदेच्या दिवशी अख्खी आळी येऊन गेली. बाजारातले हिंदू व्यापारीसुद्धा अत्तर लावून घेऊन, खारीक खाऊन गेले. चांगूला कुणी हाक मारली नाही. तो रॉकेलच्या डब्यावर बसून त्याच त्या नटांना पुन्हा धुवत राहिला, आणि डोळे पुसायला गेला तर रॉकेलचा हात डोळ्यांत गेला. मग काय, रडायला चांगलं निमित्तच मिळालं.

पावसाळ्यात घाटाची सर्व्हिस बंद. सगळ्या गाड्या शेडमध्ये येऊन उघड्या पडायच्या आणि उमेदवारानं खरं शिकायचं ते तेव्हाच. चांगू शिकला. पसरलेल्या हातात पाना अचूक पडू लागला. पुढे तर हात पसरण्याआधीच त्याला कळायचं. श्रावणात एके दिवशी मिस्त्रींनी इंजिनाचे वॉल, म्हणजे झडपा, त्याच्या पुढ्यात ठेवले आणि घासायला दिले. पहिल्या वर्षाच्या पोराला हे काम मिळत नाही. चांगूनं दिवसभर मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी प्रत्येक वॉल बसवून, वर रॉकेल ओतून पाहिलं. थेंब खाली उतरला नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. चांगूला वाटलं, आज तरी! आज तरी हा माणूस काही बोलेल. मिस्त्रींनी हात धुतले, मान फिरवली आणि ते जेवायला आत गेले.

त्याच क्षणी चांगूचं मन उठलं. काम कितीही चांगलं केलं तरी आपण यांच्या लेखी नाही, मग इथं जीव जाळून करायचं काय? गणपतीला घरी जायचं ते परत न येण्यासाठी, असं त्यानं ठरवून टाकलं.

कापड्याला तो भिजून चिंब पोचला. आईनं अंग पुसायला लुगडं दिलं, गरम भाकर पुढ्यात ठेवली. चांगूनं घास घेण्याआधीच सांगून टाकलं, "आये, मी आता महाडाला जानार नाय."

"का रे? मारतो मिस्त्री?"

"मारीत नाय. बोलत बी नाय. वरीस होत आलं, येकदा म्हनला नाय, ये जेवाय. कुत्र्याला तरी यूऽ यूऽ करत्यात."

रखमा थबकली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "नाय म्हनला? येकदा बी? ईदेला बी नाय?"

"तुला आनंद कसला व्हतोय?"

"अरे, म्यांच त्याचा शबुद घेतला व्हता! तू मोटारी बघत व्हतास तवा. म्हटलं, दादा, पोर माजं भिडंचं हाय, हाक मारलीव तर नाय म्हनायचा नाय. आनि जेवला तर आमी भावकीतून ग्येलो. तवा हाकच मारू नका. जेवाय नका, पानी प्याया नका, सनाला नका. त्यो म्हनला, बाय, नाय मारनार." रखमानं हात जोडले. "मानूस शबदाला जागला, बघ."

चांगूच्या हातातला घास तसाच राहिला. वर्षभराचा राग कुठं ठेवावा ते त्याला कळेना. मिस्त्रींवरचा तर गेला, आणि आईवर काढवेना.

"मंग तू जेवायचास कुनासंगं?" रखमानं विचारलं. हे तिच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

"कुनासंगं नाय. येकलाच."

"वरीसभर?"

चांगूनं घास परत ताटात ठेवला. रखमा चुलीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "शबुद सोडवाया मी आत्ता येईन रे. पन भावकीला कोन सांगनार? तुजा चुलताच पयला उठंल." तिला रडू फुटलं. भावकीपुढे तिचं काही चालणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

गौरी विसर्जन झाल्यावर चांगू महाडला परतला. वाटभर तो मनाशी बोलायचं काय ते जुळवत होता.

शेडमध्ये मिस्त्री नेहमीसारखे गाडीखाली. हात बाहेर आला, चांगूनं पाना दिला. दुपार झाली. चांगूनं मागे जाऊन चूल पेटवली, भात चढवला आणि परत येऊन हात धुणाऱ्या मिस्त्रींच्या वाटेत उभा राहिला. मिस्त्रींनी मान फिरवली.

"मिस्त्री, आयनं सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तुम्ही मला बोलावू नका. तुमचा शब्द मोडायचा नाय मला. पण माझ्यानं येकट्यानं आता जेववत नाय."

मिस्त्री हात पुसत राहिले. बोटं कोरडी झाली तरी पुसत राहिले.

"मी तुला घरात बोलावणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या आईला सांगितलंय तसं. पण मी कुठं बसून जेवायचं, ते काही तिनं सांगितलेलं नाही." आणि घराकडे वळून त्यांनी बायकोला आवाज दिला, "महरुन्निसा, माझं ताट बाहेर पाठव. अब्बासचंही."

चांगूच्या चुलीपासून चार हात लांब, चिंचेखाली जुने टायर टाकून दोघं बसले. ताटं आली. माशाचं कालवण होतं, तांदळाच्या भाकरी होत्या. पण मिस्त्रींनी भाकरीला हात लावला नाही. चांगूचा भात व्हायची वाट बघत ते थांबले, म्हणून अब्बासही कुरकुरत थांबला. चांगूनं घाईघाईनं चुलीत आणखी दोन लाकडं सारली.

"आजही लागणार," अब्बास म्हणाला.

"काय?"

"भात तुझा," मिस्त्री म्हणाले. "रोज लागतो. वास आत येतो ना. घरात रोज तेच बोलणं. ही म्हणते, पोराला कुणीतरी सांगा रे, पाणी आटत आलं की जाळ ओढून निखाऱ्यावर ठेवायचा. मी म्हणतो, जेवणाच्या वेळी त्याच्याकडे जायचं नाही, शब्द दिलाय. ही मग रागावून जेवायचीच नाही."

"रोज?" चांगूनं विचारलं.

"रोज."

 मांडीत तोंड खुपसून चांगू हमसाहमशी रडू लागला, लहान पोरासारखा, आणि मागे भात करपत राहिला.

"आधी जाळ ओढ," मिस्त्री म्हणाले. "मग रड."